जाऊनं भरलेली डबी

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या वाटचं बोलणं माझी मोठी जाऊ बोलायची. राशनच्या दुकानात, बचत गटाच्या बैठकीत, शाळेत माझ्या मुलीच्या गुरुजींसमोर, सगळीकडं तीच. मी तिच्या मागं उभी राहायची. मला चौथीपर्यंतचं लिहिता-वाचता येतं, पण चार माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. तोंडानं होत नाही म्हणून हे वहीत लिहिते आहे.

आमचं घर गोंडपिपरीकडच्या एका गावात, तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली आहे. पुरुष मासे मारतात, आम्ही बाया शिंगाडे काढतो, पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला, भातलावणीला जातो. मी आणि जाऊ एकाच उंचीच्या, एकाच अंगाच्या. शिंप्याकडं दोघींचं माप एकच लिहिलेलं. पाठीमागून बघणाऱ्याला कोण कोणती ते कळायचं नाही. जाऊची धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती कितीदा मागून येऊन माझा पदर धरायची आणि मी वळले की तोंड बघून दचकायची. आम्ही दोघी हसायचो. पुढं ते दचकणं मला आवडेनासं झालं.

दिवाळीनंतर शिंगाडे काढण्याचे दिवस होते. छातीइतक्या पाण्यात उभी होते. मानेवर वेलाचा तुकडा चिकटला म्हणून हात फिरवला, तर कानाच्या खाली, डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाखालून सरकलं. दुखत नव्हतं. दाबलं की आत पळायचं, सोडलं की परत जागेवर. त्या दिवशी पाणी अगदी हलत नव्हतं. मला वाटलं, हे आजचं नाही, हे आधीपासून इथं बसून आहे आणि मी आज त्याला हात लावला.

महिनाभरात ते जांभळाएवढं झालं. संध्याकाळी अंग तापायचं. दुपारी सगळ्या अंगाला खाज सुटायची आणि बघावं तर कातडीवर काहीच नाही. कोरडा खोकला होता, थोडासा. ब्लाउज ढिले झाले. नवऱ्यानं मान बघितली आणि आशाताईला सांगितलं. आशाताई म्हणजे आमच्या गावची आरोग्याचं काम बघणारी बाई. तिनं एक प्लास्टिकची डबी आणून दिली.

"उद्या सकाळी उठल्या उठल्या, चूळ न भरता, खोलवरून खाकरून यात बेडका टाकजो," ती म्हणाली. "नुसती लाळ नको बरं. मी आठ वाजता येतो न्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी पदराखाली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. अंगणात भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, जाऊचे मालक, जाळं पसरून फाटलेला भाग शिवत बसले होते. आमच्याकडं भासऱ्यासमोर धाकट्या भावाची बायको बोलत नाही. डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्या सावलीवर पाय पडू देत नाही. तेही आमच्याशी थेट बोलत नाहीत, काही सांगायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगतात. अठरा वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मग त्यांच्या कानावर पडेल असं खाकरून थुंकायचं कसं? मागच्या बाजूला रस्ता, तिथं माणसं. मी तिथंच थिजून राहिले. हळूच खाकरून बघितलं तर फक्त लाळ आली.

चुलीपाशी जाऊ गुडाखू घासत होती. गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी मशेरी. तिचं सगळं लक्ष माझ्याकडं होतं.

"काय व, डबीची पूजा करून राह्यली का?"

मी मान हलवली.

"अवं, आठ वाजले. थे येऊन उभी राह्यल न!"

"बाई, येतच नाई," मी म्हटलं. तिला मी बाई म्हणायची.

"आन इकडं." तिनं हात पुढं केला. "मले तं रोजच येते, गुडाखूनं. एका ताटात जेवतो आपण. तुही थुंकी काय अन् माही काय."

तिनं तोंड पुसलं, पोटातून खाकरलं आणि डबीत थुंकली. झाकण लावून डबी माझ्या हातात दिली. अंगणातून भासरे भिंतीला म्हणाले, "घरात कोन एवढं खोकलून राह्यलं?" जाऊ हसत म्हणाली, "मांजर हाये!" मीही हसले. माझ्या वाटची किती कामं तिनं केली होती. हे त्यातलंच एक झालं.

आठवड्यानं आशाताई कागद घेऊन आली. मशीनवर तपासलं, टीबीचे जंतू निघाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान बघितली, छातीचा फोटो काढला. तो काळा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या फासळ्या दिसत होत्या, आणि मधोमध, दोन्ही बाजूंच्या मध्ये, एक पांढुरका डाग. खिडकीबाहेर झाड हलत होतं, त्यामुळं तो डागही हलत असल्यासारखा दिसला. डॉक्टर म्हणाले, "बेडक्यात जंतू आहेत, मानेत गाठ आहे, छातीत गाठी आहेत. टीबीच आहे. सहा महिने गोळ्या घ्या, बऱ्या व्हाल." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात कागद होता आणि त्या कागदावर माझं नाव होतं.

पहिल्या दिवशी गोळ्या घेतल्या आणि लघवी लालसर केशरी झाली. असं होतं हे त्यांनी सांगितलं होतं, तरी मी तिथंच खाली बसले. दुसऱ्या कुणाचं काहीतरी माझ्या अंगातून वाहतं आहे असं वाटलं. खोटं लिहीत नाही, त्याच दिवशी पहिल्यांदा मनात आलं की जंतू निघाले ते तिच्या थुंकीत. मग मीच मनाला समजावलं. एका ताटात जेवतो, माझंच तिच्या तोंडात गेलं असेल.

माझं ताट वेगळं झालं, पेला वेगळा, मागच्या खोलीत वेगळी खाट. घरातल्या लेकरांना टीबी होऊ नये म्हणून आशाताईनं त्यांच्यासाठी गोळ्या दिल्या. "अजून कोनाले खोकला हाये का घरी?" तिनं विचारलं. जाऊ म्हणाली, "मले काय होते? दगड हाये मी." धाकटीला गोळीनं उलटी झाली तेव्हा जाऊनं चार दिवसांत गोळ्या बंद केल्या. तिचं म्हणणं, आजारी आहे ती मागच्या खोलीत झोपते, मग पोरीला कडू औषध कशाला? धाकटी आईच्या कुशीत झोपायची.

नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला. मी मागच्या खोलीत पडून राहायची आणि कुडाच्या भिंतीपलीकडून जाऊचा खोकला ऐकायची. माझा खोकला थांबला होता. तिचा वाढला होता. मी गोळी गिळायची आणि पलीकडं ती खोकायची. मी पाणी प्यायची आणि ती थांबायची. असं रोज जुळून यायचं असं नाही, पण जुळलं की मी पेला खाली ठेवायची.

दोन महिने झाले. माघ महिना होता. जाऊ माहेरी सिंदेवाहीकडं गेली होती, भासरे तलावावर होते. आशाताई अचानक आली, नवीन डबी पुढं केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आत्ताच दे, मी थांबतो. कोनी नाई घरी, लाजू नको."

मी कशीबशी खाकरले. थोडं आलं. चार दिवसांनी ती रस्त्यावरूनच ओरडत आली, "निगेटिव्ह आली व! औषध लागू पडलं!" गावातल्या बाया बघायला आल्या. माझी मान त्यांनी बघितली नाही, कारण मी पदर घट्ट घेतला होता. गाठ आता एक नव्हती. तीन होत्या, माळेसारख्या, वरची सर्वांत मोठी.

त्या दिवशी मला पक्कं समजलं. माझी पहिली थुंकी ही होती. पहिली डबी भरली असती तर तीही अशीच स्वच्छ निघाली असती. मग या तीन गाठी कशाच्या? आणि जाऊच्या छातीत काय आहे?

मी कुणाला काही बोलले नाही.

बोलले नाही याची कारणं मी स्वतःला रोज नवीन द्यायची. आशाताईची नोकरी जाईल. भासरे जाऊला मारतील. नवरा परत आला की सांगू. आशाताई विचारायची, "कसं वाटते?" मी म्हणायची, "बरं वाटते." गाठी दाखवल्या तर ती म्हणाली, "औषध चालू असताना गाठ फुगते कधी कधी, टाइम लागते." तिला तसं शिकवलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण मी जर म्हटलं असतं की पहिली थुंकी माझी नव्हती, तर तिनं तिथंच डोकं धरलं असतं.

जाऊ माहेराहून आली ती बारीक होऊन. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. माझ्याही. ब्लाउज घट्ट करायला आम्ही दोघींचे एकत्रच शिंप्याकडं दिले. शिंप्यानं टेपानं मापलं आणि म्हणाला, "बाप्पा, दोघी बी सारख्याच वाळून राह्यल्या." मला आठवतं, त्यानं आधीच्या मापावर रेघ मारून एकच नवीन माप लिहिलं.

फागुनात मोहफुलं वेचायला जंगलात गेलो. सकाळचं ऊन नुकतं झाडांत शिरत होतं. सगळ्या बाया दूर पांगलेल्या. जाऊ एका झाडाखाली, मी दुसऱ्या. ती खोकली आणि तिचा खोकला झाडांना आपटून माझ्या मागून आला. मी वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. जाळलेल्या पाल्याची राख तेवढी होती, आणि राखेत आमच्या पावलांच्या खुणा, सारख्याच. एक म्हातारी टोपली घेऊन चालली होती, ती थांबली. आधी माझ्याकडं बघितलं, मग जाऊकडं.

"तुमच्यातली एक जन दुसरीले खाऊन राह्यली," ती म्हणाली आणि निघून गेली.

जाऊनं तिच्या पाठीमागं जीभ दाखवली. मग झाडाच्या बुंध्यापाशी थुंकली. मी जवळ गेले तेव्हा पानांवर लाल दिसलं. गुडाखूचं नसतं ते तसं. ती पायानं माती सारत म्हणाली, "मोहाचा रस हाये." मोहाचा रस लाल नसतो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

चैत्रात माझ्या काखेतही गाठ आली. डॉक्टरांनी चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नवरा यायचा होता, जाऊला ताप होता, म्हणून भासरे बरोबर आले. एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, मी तीन सीट मागं. दवाखान्यात ते डॉक्टरीणबाईंसमोर स्टुलावर आणि मी त्यांच्या मागं उभी.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले. दोनदा मांडले.

"गोळ्या रोज घेतल्या?"

"हाव मॅडम, रोज," भासरे म्हणाले. "डबी दोनदा देली. एकदा निघाली, मंग नाई निघाली."

"तेच तर कळत नाही. जंतू गेले, म्हणजे औषध लागू आहे. मग गाठी का वाढतात?" त्या माझ्याकडं न बघता कागदांशी बोलत होत्या. "गाठीतले जंतू औषधाला दाद देत नसतील. मग मोठी औषधं द्यावी लागतील, खूप महिने. त्यांचा त्रास असतो, डोळ्यांना, नसांना." मग त्यांनी मान वर केली. "ताई, तुम्हाला काही सांगायचंय? कागदावर नाही असं काही?"

भासऱ्यांची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. सदऱ्यावर घामाचा डाग होता. मी त्या डागाकडं बघत राहिले. घरी जाऊ खाटेवर पडून आहे आणि धाकटी तिच्या कुशीत आहे, हे मला डोळ्यासमोर दिसत होतं.

"थे पह्यली डबी माही नोहोती," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भासरे वळले नाहीत. समोरच्या भिंतीला त्यांनी विचारलं, "मंग कोनाची?"

"बाईची."

ते उठले. मग पिशवी उचलून बाहेर गेले. डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं. रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाटलं. "त्या खोकतात?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, रक्ताचंही. त्यांनी पहिला कागद उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुमचा आजार कोणता, ते आपल्याला पहिल्यापासून शोधायचंय."

आधी गाठीत सुई घालून थोडं काढलं. त्यातून नक्की कळलं नाही. मग मानेतली एक गाठ अख्खीच काढली आणि तपासायला पाठवली. अख्खी गाठ बघितल्याशिवाय हा आजार कधी कधी ओळखू येत नाही, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवड्यांनी कळलं, गाठींचा कॅन्सर. नवरा तोवर आला होता. त्यानं माझा हात धरला, तो मिरचीनं फाटलेला हात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला औषध आहे. उशीर झालाय, पण फार नाही." ताप, बारीक होणं, मानेत गाठी, हे टीबीतही होतं आणि यातही. आपल्याकडं टीबी जास्त, म्हणून आधी तोच सुचतो. "गोळ्या सुरू करून दोन महिन्यांत गाठ कमी झाली नाही, तर लाजायचं नाही. विचारायचं, गाठीचा तुकडा तपासला का? दुसरं काही असेल का? आणि आपल्या अंगातलं जे तपासायला देता, ते आपलंच हवं." शेवटचं त्या हळू बोलल्या, पण खोलीत आम्हा तिघांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

मी पहिल्या डबीचं सांगितलं त्याच दिवशी भासऱ्यांनी जाऊला दवाखान्यात नेलं होतं. तिच्या डबीत खूप जंतू निघाले. उजव्या बाजूला छातीत पोकळी झाली आहे असं सांगितलं. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात कोणी मला दोष दिला नाही, भासऱ्यांनी भिंतीला सांगूनही नाही.

कॅन्सरच्या औषधाचा दुसरा डोस घेऊन आले तेव्हा माझे केस जायला लागले होते. दुपारी मी ओसरीवर बसले होते. जाऊ भिंतीला धरत धरत आली आणि दम खात माझ्यासमोर बसली. दोघींचे आजार कळल्यानंतर आम्ही पहिल्यांदा अशा जवळ बसलो.

"एक विचारू का व?"

"विचारा."

"तुले कधी समजलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. दवाखान्यात समजलं, म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं.

"माघात," मी म्हटलं. "दुसऱ्या डबीच्या वक्ती."

तिनं बोटांची पेरं मोजली. माघ, फागुन, चैत. अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला आणि तिथून हलला नाही.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने पोट्टी माह्या कुशीत झोपत होती."

अंगणात धाकटी काड्यांचं घर करत होती. तिनं आपलं नाव निघालं असं वाटून वर बघितलं, मग परत काड्यांत गुंतली. जाऊ रडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

सोमवारी आम्ही धाकटीला घेऊन दवाखान्यात गेलो. जाऊ मला चल म्हणाली नव्हती, मीच मागून एसटीत चढले. पोरीच्या हातावर टीबीच्या तपासणीची सुई टोचली, छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आईच्या जवळ किती दिवस झोपत होती? खोकला सुरू झाल्यानंतर?"

जाऊ खाली बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"हिवाळ्यापासून," मी म्हटलं. "त्यातले तीन महिने मले माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तीन दिवसांनी परत बोलावून सुईची जागा बघितली. फोटोत आत्ता काही दिसत नाही, पण सुईची जागा सुजली आहे, जंतू आत शिरलेले आहेत, ते म्हणाले. आजार उठू नये म्हणून गोळ्या द्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि वर्षभर लक्ष ठेवायचं.

गोळी मी देते. जाऊनं तसं सांगितलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. रोज सकाळी पोरगी माझ्यासमोर तोंड उघडते, गोळी जिभेवर घेते, गिळते आणि पुन्हा तोंड उघडून दाखवते. मग ती खेळायला पळते. मी ओसरीवर बसून राहते आणि ती जिकडं जाईल तिकडं कान लावते, खोकला येतो का म्हणून. ती धावते, हसते, कोंबड्यांमागं ओरडते. मध्येच एखाद्या वेळी ती गप्प होते. तेव्हा मी श्वास धरते, आणि आत स्वयंपाकघरात जाऊच्या हातातलं भांडंही थांबलेलं असतं.